ज्योतिषाच्या दारातला दोन हजार वर्षांचा हशा

ऱ्होड्स बेटावर जायला निघालेला एक प्रवासी ऑलिंपिकस नावाच्या भविष्यवेत्त्याचे दार ठोठावतो. समुद्रप्रवास करावा की करू नये, आणि केलाच तर तो सुखरूप कसा पार पडेल, एवढाच त्याचा प्रश्न असतो. भविष्यवेत्ता गंभीरपणे सांगतो, की जहाज नवे कोरे घ्यावे आणि हिवाळ्यात न निघता उन्हाळ्यात निघावे. एवढे केल्यास प्रवासी ऱ्होड्सला पोहोचेल आणि परतही येईल. फक्त वाटेत चाच्यांनी त्याला पकडता कामा नये. कविता इथेच संपते.

निकार्कस या कवीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ही कविता ग्रीक भाषेत लिहिली. जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही तिच्यातला विनोद समजण्यासाठी तळटीप लागत नाही. प्रयत्न सोडू नका, वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्या, वर्षअखेरीस परिस्थिती सुधारेल, मात्र हितशत्रूंपासून सावध राहा, ही भाषा आपल्याही कानांवरून रोज जात असते. तीत ऑलिंपिकसचे जहाज आणि चाचे बदलले आहेत, एवढेच.

ज्योतिषाकडे जाण्याचा प्रसंग हा विनोदी कवितेचा फार जुना विषय आहे. वरवर पाहता अशा कवितेत चेष्टा होते ती ज्योतिषाची. पण जरा बारकाईने वाचले, तर तिचा रोख दाराबाहेर चपला काढून आत जाणाऱ्या माणसाकडे अधिक असल्याचे लक्षात येते. जे आपल्याला आधीच ठाऊक आहे तेच दुसऱ्याच्या तोंडून, भारदस्त शब्दांत ऐकण्यासाठी माणूस पैसे का मोजतो, हा तिचा खरा प्रश्न असतो. ग्रीक कवींनी तो एका पद्धतीने विचारला, पैठणच्या एकनाथांनी दुसऱ्या, आणि अलीकडच्या काळात शास्त्रज्ञांनी तिसऱ्या. या तिन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या, की आपल्या हसण्यामागे नेमके काय दडले आहे याचा उलगडा होऊ लागतो.

चार ओळींचा चिमटा

प्राचीन ग्रीकांमध्ये 'एपिग्राम' नावाचा छोटा काव्यप्रकार होता. मुळात थडग्यांवर आणि देवाला वाहिलेल्या वस्तूंवर कोरण्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या या मोजक्या ओळी पुढे स्वतंत्र कविता झाल्या. शेवटच्या ओळीत चिमटा काढून वाचकाला हसवायचे, हे त्यांतल्या विनोदी शाखेचे तंत्र. आपल्याकडच्या वात्रटिकेशी तिचे नाते सहज जुळावे. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल येथे अशा हजारो कवितांचा मोठा संग्रह तयार झाला. त्याचे हस्तलिखित १६०६ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या ग्रंथालयात सालमासिउस या तरुण फ्रेंच विद्वानाच्या हाती लागले. 'पॅलाटाइन अँथॉलॉजी' या नावाने तो आज ओळखला जातो. त्याच्या अकराव्या भागात वैद्य, कृपण, पहिलवान, वक्ते अशा सगळ्यांची खिल्ली उडवलेली आहे, आणि ज्योतिषी व भविष्यवेत्ते यांच्यासाठी त्यात कवितांचा एक गुच्छच आहे.

या गुच्छातल्या बऱ्याच कविता लुकिलिअसच्या आहेत. रोमचा सम्राट नीरो याच्या कारकिर्दीत, म्हणजे इ.स. ५४ ते ६८ या काळात, तो लिहीत होता. त्याच्या एका कवितेत एक पहिलवान, एक पाच खेळांत उतरणारा खेळाडू आणि एक धावपटू असे तिघे ऑलिंपस नावाच्या भविष्यवेत्त्याकडे जातात. आपल्यापैकी कोण जिंकणार, असे ते विचारतात. बळीची चिन्हे न्याहाळून तो सांगतो, की तिघेही जिंकाल. मात्र कुणी तुम्हाला मागे टाकता कामा नये, चीत करता कामा नये आणि तुमच्यापुढे धावता कामा नये.

दुसऱ्या एका कवितेत याच ऑलिंपसकडे एक मुष्टियोद्धा येतो. आपण म्हातारे होईपर्यंत जगू का, हा त्याचा प्रश्न. खेळ आताच सोडलास तर जगशील, असे उत्तर मिळते; पण ठोसे खात राहिलास, तर तुझ्या कुंडलीत शनी बसलाच म्हणून समज. शनीचे नाव ऐकताच पोटात गोळा येणारी माणसे तेव्हाच्या रोममध्येही होती, हे या कवितेवरून कळते. मुष्टियुद्ध खेळत राहिल्यास आयुष्य धोक्यात येईल हे सांगण्यासाठी शनीची गरज नव्हती, हेही तिच्यातूनच कळते.

लुकिलिअसची सर्वांत बोचरी कविता घरगुती आहे. वडिलांच्या भावाला दीर्घायुष्य लाभेल, असे सगळ्या ज्योतिषांनी वडिलांना सांगितले होते. एकट्या हर्मोक्लिडिसने तो लवकर जाईल असे भाकीत केले आणि ते खरे ठरले. फक्त ते त्याने केले तेव्हा घरात प्रेत होते आणि माणसे रडत होती. घडून गेलेल्या गोष्टीचे भविष्य सांगणारा हा हर्मोक्लिडिस आजही निवडणुकीचे निकाल लागल्यावर, क्रिकेटचा सामना संपल्यावर आणि शेअर बाजार कोसळल्यावर हटकून भेटतो.

ऑलस नावाच्या ज्योतिषाची गोष्ट मात्र हसवता हसवता काळीज चरकवणारी आहे. तो स्वतःचीच कुंडली मांडतो आणि आपल्या आयुष्याचे चारच तास उरले आहेत असे जाहीर करतो. पाचवा तास उजाडतो, तरी हा जिवंतच. शास्त्राच्या आद्य आचार्याला तोंड कसे दाखवायचे, या लाजेने तो गळफास घेतो. आपले शास्त्र खोटे आहे हे मान्य करण्यापेक्षा त्याला मरण सोपे वाटते. कवीने इथे ज्योतिषाला लबाड ठरवलेले नाही. तो प्रामाणिक होता, आणि त्या प्रामाणिकपणानेच त्याचा घात केला.

'जर' या शब्दाचा महिमा

सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये वकिली करणाऱ्या अगाथिअस या कवीने हाच विषय शेतात नेला. कॅलिजिनिस नावाचा शेतकरी पेरणी उरकून ज्योतिषाच्या घरी जातो आणि यंदाचे पीक कसे येईल असे विचारतो. ज्योतिषी फळीवर खडे मांडतो, बोटे मोजतो आणि सांगू लागतो. पाऊस पुरेसा झाला, तण माजले नाही, कडाक्याच्या थंडीने सऱ्या फुटल्या नाहीत, गारांनी कणसे झोडपली नाहीत, जनावरे शेतात शिरली नाहीत आणि आकाशातून वा जमिनीतून दुसरे कोणतेही संकट आले नाही, तर पीक उत्तम येईल. तेवढे टोळांकडे मात्र लक्ष असू दे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कविता परकी वाटू नये. मृगाचे वाहन कोणते, पंचांगात पाऊस किती आढक सांगितला आहे, याची चौकशी आपल्याकडेही होत आली आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, आणि दुसऱ्या दिवशी धान्यांच्या व इतर वस्तूंच्या स्थितीवरून पाऊस व पिकांविषयीची भाकिते सांगितली जातात. ती ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात. त्यांना हसणे सोपे आहे. पण बियाण्यासाठी कर्ज काढून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला कुणीतरी काहीतरी निश्चित सांगावे असे वाटणे, यात अस्वाभाविक काही नाही. अगाथिअसच्या शेतकऱ्याने पेरणी आधीच केलेली आहे, हा तपशील महत्त्वाचा आहे. आता त्याच्या हाती करण्याजोगे फारसे उरलेले नाही, म्हणूनच तो ज्योतिषाकडे आला आहे.

या सगळ्या कवितांमधली मेख एकाच ठिकाणी आहे. ज्योतिषाच्या वाक्याला जोडलेल्या अटी एकत्र केल्या, तर 'पीक बुडाले नाही तर येईल' एवढेच शिल्लक राहते. हे विधान कधीच चुकत नाही, कारण ते काही सांगतच नाही. पीक आले तर ज्योतिषी खरा ठरतो, आणि बुडाले तर शेतकऱ्याने टोळांकडे लक्ष दिले नाही असे निघते. एखादे भाकीत तपासायचे असेल, तर ते कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल हे आधी विचारावे लागते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत हा नियम पुढे आला. ग्रीक कवींनी तो विनोदाच्या रूपाने वाचकांच्या हाती कधीच दिला होता.

अटींमागची भीती

जर-तरची ही भाषा केवळ धंद्यातली हुशारी होती असे मात्र नाही. रोममध्ये भविष्य सांगणे हे जोखमीचे काम होते. इ.स.पू. १३९ मध्ये ज्योतिषांना रोममधून हद्दपार करण्यात आले, आणि त्यानंतरही असे हुकूम पुनःपुन्हा निघाले. सम्राटाला मरण कधी येणार, हा प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहणे, आणि वाट पाहणे म्हणजे कट करणे, असा सरळ अर्थ लावला जाई. इ.स. ११ मध्ये सम्राट ऑगस्टसने कुणाच्याही मृत्यूविषयी भाकीत सांगण्यास आणि एकांतात भविष्य पाहण्यास मनाई केली. या वर्गाला रोममध्ये सदैव बंदी असेल आणि तो सदैव रोममध्येच राहील, अशा आशयाचा शेरा इतिहासकार टॅसिटस याने मारून ठेवला आहे. ज्यांनी हद्दपारीचे हुकूम काढले, त्या सम्राटांच्या पदरीही ज्योतिषी होतेच.

टॅसिटसनेच सांगितलेली एक कथा प्रसिद्ध आहे. टायबेरिअस सम्राट होण्यापूर्वी ऱ्होड्स बेटावर राहत असे. ज्योतिषाचा संशय आला, की परतीच्या वाटेवर तो त्याला कड्यावरून समुद्रात ढकलून देववी. थ्रॅसिलस नावाच्या ज्योतिषाला त्याने विचारले, की आजचा दिवस तुझ्या स्वतःच्या पत्रिकेत कसा आहे? थ्रॅसिलसने आकडेमोड केली, थरथर कापत आपल्यावर प्राणसंकट असल्याचे सांगितले, आणि टायबेरिअसने त्याला मिठी मारली. ग्रहांनी त्याला हे सांगितले की यजमानाच्या चेहऱ्याने, याचा निर्णय वाचकाने करायचा आहे.

होरा आला कुठून?

या ग्रीक कवितांचा आणि आपल्या पंचांगाचा संबंध दिसतो त्यापेक्षा जवळचा आहे. आपण भविष्याला 'होरा' म्हणतो. हा शब्द मूळचा ग्रीक. दिवसाचा विशिष्ट काळ वा तास असा त्याचा अर्थ, आणि इंग्रजीतला 'अवर' त्याच कुळातला. दर तासाला एका ग्रहाची सत्ता मानायची आणि दिवसाच्या पहिल्या तासाचा जो स्वामी त्याचे नाव त्या दिवसाला द्यायचे, या पद्धतीतून वारांचा क्रम तयार झाला. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने तास मोजत गेले, की शनीच्या दिवसानंतरचा पंचविसावा तास रवीचा येतो. म्हणून शनिवारनंतर रविवार.

कुंडलीच्या शास्त्रातले आणखी कितीतरी शब्द असेच समुद्रमार्गे आलेले आहेत. 'केंद्र' हा ग्रीक 'केंत्रॉन', 'द्रेष्काण' हा 'देकानॉस'. विवाहस्थान म्हणून ज्याची धास्ती घेतली जाते त्या सातव्या स्थानाचे 'जामित्र' हे नाव 'दियामेत्रॉस', म्हणजे समोरासमोरचे, या शब्दापासून आले. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहज्जातक' या ग्रंथात हे शब्द आहेत. 'अहोरात्र' या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गाळले की 'होरा' उरतो, अशी व्युत्पत्ती त्याने नोंदवली आहे. ती चतुर आहे, पण अभ्यासक ती ग्राह्य धरत नाहीत. यवन हे म्लेच्छ असले तरी या शास्त्रात त्यांना ऋषींसारखा मान आहे, हे मात्र वराहमिहिराने मोकळेपणाने सांगितले. शास्त्र न शिकता भविष्य सांगत फिरणाऱ्यांना 'नक्षत्रसूचक' म्हणून त्याने फटकारलेही आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा कसून अभ्यास केला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरचा त्यांचा मराठी ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि आजही तो प्रमाण मानला जातो. आधुनिक मराठी विनोदाचे प्रवर्तक मानले जाणारे 'सुदाम्याचे पोहे'कार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हेही ज्योतिर्गणिताचे व्यासंगी होते, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. ग्रहांचे गणित नेमके कुठे संपते हे ज्याला कळते, त्याला पुढच्या फलिताकडे मिस्किलपणे पाहता येत असावे.

नाथांचा कंगाल जोशी

ग्रीकांची कुंडली भारतात आली, पण त्यांच्या विनोदी कविता तिच्याबरोबर आल्याचा पुरावा नाही. मराठीने आपला विनोद स्वतःच घडवला, आणि त्याचा सर्वांत मोठा नमुना संत एकनाथांच्या भारुडांत आहे.

सोळाव्या शतकातल्या पैठणच्या नाथांना गावात येणारी भविष्य सांगणारी माणसे चांगली परिचयाची होती. पंचांग सांगणारा ग्रामजोशी अनेक ठिकाणी बलुतेदारांत गणला जाई. पहाटेच्या अंधारात येऊन भविष्य बोलणारा पिंगळा असे. 'कुडमुडे' हे छोटे वाद्य वाजवत दारोदार फिरणारे कुडमुडे जोशी असत. आज 'कुडमुड्या ज्योतिषी' ही चक्क शिवी झाली आहे. पण ती मूळची एका गरीब भटक्या समाजाची ओळख आहे, याचे भान अनेकदा राहत नाही.

नाथांनी वासुदेव, गोंधळी, पिंगळा यांच्याप्रमाणेच जोशाचेही सोंग आपल्या भारुडात घेतले. हा जोशी गावकऱ्यांना होरा ऐकायला बोलावतो. श्रोते कान टवकारतात, कारण पुढे धनलाभ, संतती, प्रवास असे काहीतरी येणार अशी त्यांची अपेक्षा असते. येते ते वेगळेच. देह हे एक गाव आहे आणि मन त्या गावचा पाटील. या पाटलाच्या भरवशावर राहू नका, तो घात करील, असा इशारा जोशी देतो. वासना भांडण लावील, घर बुडवील, असे बजावतो. शेवटी स्वतःला कंगाल म्हणवून घेत हा जोशी सद्गुरूला शरण जाऊन चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकवायला सांगतो आणि निघून जातो.

ऑलिंपिकस आणि नाथांचा जोशी यांच्यात एक साम्य आहे. दोघेही श्रोत्याला आधीच माहीत असलेली गोष्ट सांगतात. खवळलेल्या समुद्रात जुने जहाज घालू नये हे प्रवाशाला ठाऊक होते, आणि मनाच्या मागे धावले की फसगत होते हे गावकऱ्यांनाही ठाऊक होते. ग्रीक कवीला त्यात ज्योतिषाचा पोकळपणा दिसला. नाथांना त्यात संधी दिसली. माहीत असूनही जे आपण ऐकत नाही, ते जोशाच्या तोंडी घातले तर लोक थांबून ऐकतील, हे त्यांनी ओळखले. नाथांच्या भाकितात 'जर' नाही. मन कधीतरी दगा देईल का, असा प्रश्न हा जोशी ठेवतच नाही. तो म्हणतो, देईलच. मराठीतला हा बहुधा एकच जोशी असा आहे, ज्याचे भविष्य प्रत्येकाच्या बाबतीत खरे ठरते आणि ज्याला त्याबद्दल कुणी दक्षिणा देत नाही.

शकुन सांगणाऱ्यांचा आणि भूत-भविष्य-वर्तमान जाणण्याचा दावा करणाऱ्यांचा आपल्याला कंटाळा येतो, असे पुढच्या शतकात तुकोबांनी एका अभंगात रोखठोक सांगून टाकले. नाथ हसवून सांगतात आणि तुकोबा झटकून टाकतात. दोघांचा रोख एकच आहे.

आपण मान का डोलावतो?

ज्योतिषाचे मोघम बोलणे आपल्याला इतके नेमके का वाटते, याचे उत्तर एका साध्या प्रयोगाने दिले. अमेरिकेत १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली. काही दिवसांनी प्रत्येकाला स्वतःचे म्हणून एक वर्णन दिले आणि ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ गुण मिळाले. मग त्याने सांगितले, की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवला होता. लोकांनी आपल्याला मान द्यावा असे तुम्हाला वाटते, तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून काळजी करता, असली वाक्ये कुणाला लागू पडणार नाहीत? या प्रकाराला आता 'फोरर परिणाम' म्हणतात.

भाकिताची प्रत्यक्ष चाचणी महाराष्ट्रातच झाली. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासमवेत २००८ मध्ये पुण्यात एक प्रयोग केला. १०० हुशार आणि १०० बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार करण्यात आल्या. सहभागी ज्योतिषांना त्यांतल्या प्रत्येकी ४० पत्रिका पाठवून, कोणती कुठल्या गटातली हे सांगण्याचे आवाहन केले गेले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. त्यांचे सरासरी यश ४६ टक्के होते. सर्व २०० पत्रिका पाहणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी निम्मी बरोबर आली असती. हे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या प्रयोगात आणि लुकिलिअसच्या कवितेत एक फरक आहे. प्रयोगाने ज्योतिषाला 'जर' म्हणू दिले नाही. मूल या गटातले की त्या, एवढेच सांगायचे होते.

हशा कुठे थांबतो?

विनोदी कवितेतला प्रवासी फार तर जहाजाचे भाडे गमावतो. प्रत्यक्षात त्याहून मोठ्या गोष्टी पणाला लागतात. मंगळाचेच उदाहरण घ्या. पत्रिकेच्या बारा स्थानांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानी मंगळ असला तर मुलीला वा मुलाला 'मंगळ आहे' असे सर्वसाधारणपणे मानतात. बारापैकी पाच म्हणजे ढोबळमानाने शंभरातल्या एक्केचाळीस-बेचाळीस जणांना मंगळ निघणार. इतक्या लोकांचे संसार बिघडत नाहीत हे दिसू लागल्यावर त्याला अपवादांची, परिहारांची यादी जोडली गेली. अगाथिअसच्या ज्योतिषाने जोडलेल्या अटींचेच हे रूप आहे. फरक असा, की इथे नकार ऐकून घरी परतणारी मुलगी कवितेतली नसते.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने फसवणुकीच्या आणि अघोरी प्रकारांना गुन्हा ठरवले. डॉ. दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला हत्या झाली आणि त्यानंतर हा कायदा मार्गी लागला. मात्र जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले ज्योतिषी यांनी दिलेला सल्ला त्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. भविष्य विचारणे हा गुन्हा नाही आणि तो असावा असेही नाही. ऑगस्टसच्या हुकमाने जे थांबले नाही, ते कायद्याने थांबेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. रस्त्यावरचे पोपटवाले कमी झाले, याला वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळायला केलेली मनाई हेही एक कारण आहे. पिंजरा रिकामा झाला तरी प्रश्न विचारणारे घटलेले नाहीत. ते आता मोबाइलवर पत्रिका जुळवतात.

वर्तमानपत्रांनीही यात आपला वाटा उचललेला आहे. ऑगस्ट १९३० मध्ये लंडनच्या 'संडे एक्स्प्रेस'ने नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटचे भविष्य छापले, आणि ते लोकांना इतके आवडले की वृत्तपत्रांत भविष्याचे सदर रुजले. आज मराठी दैनिकांतही राशिभविष्य असते, आणि अग्रलेखाआधी ते पान उघडणारे वाचक कमी नाहीत.

अशा वेळी ज्योतिषाकडे जाणाऱ्या माणसाची विनोदी कविता उपयोगी पडते, ती उपदेश करत नाही म्हणून. अमुक गोष्टीवर विश्वास ठेवू नका, असे ती कुणाला सांगत नाही. ती फक्त प्रश्न आणि उत्तर शेजारी मांडते आणि उत्तरातला 'जर' ठळक करते. एकदा तो 'जर' दिसू लागला, की बँकेच्या योजनेच्या जाहिरातीत, निवडणुकीच्या जाहीरनाम्यात आणि 'परतावा बाजारातील जोखमीच्या अधीन' अशा बारीक अक्षरांतही तो दिसू लागतो. पुढच्या वेळी कुणी आपला हात हाती घेऊन गंभीरपणे काही सांगू लागले, तर त्याच्या वाक्यातून सगळ्या अटी वजा करून पाहाव्यात. मागे जे उरेल ते बहुतेक वेळा आपल्याला घरून निघतानाच ठाऊक असते.